बागेतल्या वेधशाळेतून अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफी: या चुका टाळा

रोज माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी यांत्रिक बैठक) बाहेर काढायचा, केबली जोडायच्या आणि तासाभरात आभाळ भरून आलं की सगळा पसारा परत आत न्यायचा. या कटकटीला कंटाळून ताऱ्यांचे फोटो काढणारा हौशी माणूस बागेत कायमची वेधशाळा बांधतो. कटकट संपते, पण चुकाही कायमच्या होतात. ट्रायपॉड चुकीच्या जागी लागला तर उद्या उचलून दुसरीकडे ठेवता येतो, माउंट ज्यावर बसतो तो काँक्रीटचा खांब हलवता येत नाही.

खांब आणि फरशी एकत्र ओतू नका

खांब फरशीला चिकटला की खोलीतलं प्रत्येक पाऊल फोटोत उमटतं. खांबाभोवती दोन-तीन सेंटिमीटरची फट सोडा. ती भरायचीच असेल तर मऊ फोमने भरा, सिमेंटने कधीच नको. माथ्यावरची प्लेट लांबलचक बोल्टांवर उंच उचलून बसवण्याची पद्धत दिसते. समपातळी साधायला ती सोयीची असली तरी इतका भक्कम खांब ओतून वरचा टप्पाच डगमगता ठेवण्यात काय अर्थ आहे? बोल्ट आखूड ठेवा.

खड्डा खणण्याआधी त्या जागी रात्री उभं राहून खगोलीय ध्रुव (ज्या बिंदूभोवती सारं आकाश फिरताना दिसतं तो) दिसतो का, शेजारचा दिवा कुठून डोळ्यात येतो, हे पाहा. झाडं वाढतात हेही हिशेबात धरा.

दिवसभर बंद राहिलेली खोली तापलेली असते. छप्पर उघडून लगेच फोटो काढायला बसलं तर दुर्बिणीच्या नळीतली गरम हवा तारे फुगवते आणि दोष फोकसला दिला जातो. एखादा ठळक तारा मुद्दाम फोकसबाहेर नेऊन पाहा. त्याच्या चकतीत धुरासारखी हालचाल दिसत असेल, तर दुर्बीण अजून निवलेली नाही. छप्पर तास-दीड तास आधी उघडावं.

तारे लांबट आले, तर आधी कुठे आणि कसे ते पाहा

इथे बहुतेकांची घाई होते. तारे अंडाकृती दिसले की लगेच गाइडिंगच्या (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत सुधारणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगला हात लागतो. खरं तर निम्मं निदान फ्रेममध्येच असतं.

सगळ्या फ्रेमभर तारे एकाच दिशेने ताणलेले असतील तर दोष मागोव्यात, म्हणजे ताऱ्यांमागे माउंट फिरण्यात आहे. कॅमेरा असा फिरवून ठेवा, की फ्रेमची आडवी बाजू पूर्व-पश्चिम राहील. मग आडवा ताण दिसला तर गिअरची आवर्ती (प्रत्येक फेऱ्यात पुन्हा येणारी) चूक, तोल किंवा वारा तपासा. उभा ताण असेल तर ध्रुवाशी केलेली जुळणी किंवा क्रांतीच्या (उत्तर-दक्षिण फिरण्याच्या) अक्षातली ढिलाई तपासा.

तारे एखाद्या बिंदूभोवती कमानीसारखे फिरलेले दिसले, तर ते क्षेत्राचं परिभ्रमण. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट नाही. गाइडिंग एक तारा धरून ठेवतं, त्याच्याभोवती चित्र फिरण्याला ते काही करू शकत नाही. उत्तर गोलार्धातली नेहमीची गफलत म्हणजे ध्रुवतारा थेट मध्यावर धरणं. तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे ४० कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दूर आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाहूनही जास्त. कायमच्या खांबावर ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे तारा कुठे सरकतो ते पाहत, एकदा वेळ खर्चून जुळणी करा. याम्योत्तराजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा उत्तर-दक्षिण सरकला तर दिगंशात (माउंटच्या डाव्या-उजव्या दिशेत) चूक असते. पूर्व किंवा पश्चिम क्षितिजाकडचा सरकला तर उंचीत. नवं काँक्रीट आणि खालची माती बसत जाते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासा.

गाइडिंगच्या चुकांचा आलेख सुरेख आणि तारे तरी लांबट, हा प्रकार सर्वांत चकवा देणारा. इथे गाइडिंगचा तारा पाहणारी छोटी गाइड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण एकमेकींच्या तुलनेत वाकत असतात. फोकसर, कड्या, लोंबणाऱ्या केबली घट्ट करा. तरीही भागलं नाही तर मुख्य दुर्बिणीतूनच गाइडिंगचा तारा पाहणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर घ्या.

फक्त कोपरे बिघडले असतील तर माउंटला हात लावू नका. चारही कोपरे सारखेच वाईट असतील तर फ्लॅटनर (कडांपर्यंत तारे टोकदार ठेवणारं भिंग) ते सेन्सर हे अंतर चुकलंय. बऱ्याच फ्लॅटनरना ५५ मिलिमीटर लागतात, पण मध्ये फिल्टर आला की त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश वाढवावं लागतं. हे विसरलं जातं. एकच कोपरा वाईट असेल तर कुठेतरी तिरकेपणा आहे. कॅमेरा १८० अंशांत फिरवून पुन्हा फोटो घ्या. दोष चित्राच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर सेन्सर तिरका, दुसरीकडे गेला तर फोकसर किंवा दुर्बीण.

आलेखाच्या नादी लागू नका

अर्ध्या सेकंदाचं गाइड एक्स्पोजर ठेवलं की माउंट हवेच्या थरथरीमागे धावत सुटतो. दोन-तीन सेकंद ठेवा. आपला एक पिक्सेल आकाशात किती जागा व्यापतो, ते काढून पाहा: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन २०६.२६५ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने (फोकल लेंग्थने) भागा. ३.७६ मायक्रॉन आणि ६०० मिलिमीटरला उत्तर येतं सुमारे १.३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). हवाच ३ विकलांनी तारे पसरवत असेल, तर ०.७ विकलांची गाइडिंग चूक ०.५ वर आणण्यात निरभ्र रात्र घालवणं मला तरी परवडत नाही.

दवाबद्दल थोडक्यात. भिंग उघड्या आकाशाकडे उष्णता फेकतं आणि हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून दव धरतं. ठळक ताऱ्यांभोवती धूसर वलयं आली आणि ताऱ्यांची संख्या घटत चालली की ढगांना दोष देण्याआधी भिंगावर टॉर्च मारा. हीटर दव धरायच्या आधीच सुरू हवा. ओलं भिंग पुसू नका.

फ्लॅट आणि फिल्टर

फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो) घेताना फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा रात्रीचीच हवी. लहान, गडद वलय म्हणजे धूळ सेन्सरजवळ. मोठं, फिकट वलय म्हणजे लांबच्या काचेवर. फ्लॅट लावल्यावर कोपरे उलट उजळले, तर बहुधा मूळ फ्रेममधून डार्क (झाकण लावून तेवढ्याच वेळाचा घेतलेला फोटो) वजा झालेला नाही. कोपरे काळेच राहिले, तर फ्लॅटमधून बायस (झाकण लावून सर्वांत कमी वेळाचा घेतलेला फोटो) वजा व्हायचा राहिलाय.

अरुंद पट्ट्याचे फिल्टर तेजोमेघांना जादूसारखे लागू पडतात, कारण ते मेघ ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजनरेषा, ५००.७ ची ऑक्सिजनरेषा अशा ठरावीक रंगांतच चमकतात. दीर्घिकेचा प्रकाश मात्र ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. तिथे तोच फिल्टर दिव्यांबरोबर दीर्घिकाही खातो. एलईडी दिव्यांचा प्रकाशही असाच पसरलेला असल्याने जुने प्रकाशप्रदूषणाचे फिल्टर आता फारसे उपयोगी पडत नाहीत. दीर्घिकांना जास्त वेळ देणं हाच इलाज, आणि तोही महाग: चित्रातला गोंगाट (दाणेदारपणा) निम्मा करायला वेळ चौपट लागतो. फ्रेमगणिक दुर्बीण किंचित सरकवली नाही, तर स्टॅकिंगनंतर (सगळ्या फ्रेम एकत्र केल्यावर) तिरक्या रेघा उमटतात आणि तो चौपट वेळ वाया जातो.

राहता राहिलं सरकतं छप्पर. दुर्बीण आडवी झाली आहे असं सॉफ्टवेअर म्हणतंय, एवढ्यावर छप्पर बंद होऊ देऊ नका. दुर्बीण खरोखर त्या जागी आल्यावरच दाबला जाणारा स्विच माउंटवर बसवा. याम्योत्तर ओलांडताना माउंट दुर्बीण उलट बाजूला नेतो, तेव्हा केबल बोल्टात अडकते का, हे दिवसाउजेडी, दुर्बिणीचं झाकण लावून, सावकाश फिरवून बघा.