पाठीतलं इंजेक्शन घ्यायला येताना

मी पेन क्लिनिकच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. मणक्यांमधली गादी सरकून नस दबलेली, कंबरेतून निघालेली कळ थेट पोटरीत उतरते, गोळ्या आणि फिजिओथेरपी करूनही भागत नाही, अशा पेशंटना डॉक्टर एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शन, म्हणजे पाठीच्या कण्यात नसांच्या आवरणाबाहेर दिलेलं सूज उतरवणारं औषध, सुचवतात. ते नसेभोवतीची सूज उतरवतं, सरकलेली गादी जागेवर बसवत नाही. म्हणून पायात जाणाऱ्या कळेला त्याचा जेवढा गुण येतो, तेवढा नुसत्या कंबरदुखीला येत नाही.

तारीख ठरली की चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून दाखवायला आणा. ‘बीपीची एक गोळी चालू आहे’ असं सांगणाऱ्या आजोबांच्या पिशवीतून क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी निघते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. अशी गोळी चालू असताना सुई घातली आणि आत रक्त साकळलं, तर मज्जारज्जूवर किंवा नसांवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. ताप, लघवीचा संसर्ग, पाठीवर गळू असेल तर सांगा. तारीख पुढे गेली तरी चालेल. पाळी चुकली असेल तर तेही सांगा, कारण आत एक्स-रे वापरतात.

डायबेटिसवाल्यांनी नीट ऐका. स्टेरॉइडनं साखर काही दिवस चढतेच, चांगली ताब्यात असलेलीही. घरी ग्लुकोमीटर आणि पट्ट्या आधीच आणून ठेवा, रोज तपासा, आणि कितीच्या वर गेली तर फोन करायचा तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

उपाशी यायचं का ते विचारून घ्या. गुंगीचं औषध देणार असतील तर यावंच लागतं. सोबत कुणीतरी हवं, कारण त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

आत पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवतो. जंतुनाशक गार लागतं, मग कातडी बधिर करणारी सुई चुणचुणते. बहुतेकांना तीच जास्त लागते. पुढे सी-आर्म या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत डॉक्टर सुई सरकवतात, एक्स-रेत दिसणारा थोडा डाय सोडून ती योग्य जागी आहे ना ते पाहतात, आणि मगच औषध. तेव्हा नेहमीची कळ पायात उतरली तर तोंडानं सांगा, अंग हलवू नका. मी शेजारीच उभी असते.

नंतर काही तास पाय जड वाटतो, बाथरूमला एकटं जाऊ नका. त्या संध्याकाळी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी दुखणं परत येतं, तेव्हा लोक घाबरून फोन करतात. तो फक्त बधिरपणा उतरलेला असतो. स्टेरॉइडचा गुण यायला साधारण 2 ते 7 दिवस लागतात, आणि आला तर काही आठवडे ते काही महिने टिकतो. त्याच काळात फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम सुरू करा. दुखणं कमी असतानाच ते नीट जमतात.

बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी असेल तर कळवा. ताप, वाढत जाणारी पाठदुखी, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं किंवा बसायच्या जागी बधिरपणा यातलं काहीही झालं, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच इमर्जन्सीला या.