गाडीचे सेन्सर मोबाइलवर कसे वाचावेत आणि पेट्रोलच्या ऑक्टेनचा अंदाज कसा बांधावा

ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपणहून पेटायला पेट्रोल किती विरोध करतं, त्याचा आकडा. तो मोजणारा सेन्सर रोजच्या वापरातल्या गाड्यांमध्ये बसवलेला नसतो. त्यामुळे एखाद्या अ‍ॅपच्या स्क्रीनवर ‘ऑक्टेन ९३’ असं दिसलं, तर तो आकडा मोजलेला नसतो, इतर आकड्यांवरून काढलेला असतो. तरीही या कामात मोबाइलचा उपयोग मोठा आहे. कमी ऑक्टेनचं पेट्रोल पडलं की इंजिन स्वतःला सांभाळून घेतं, आणि ते कितपत सांभाळून घेतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरकडून, म्हणजे ईसीयूकडून, वाचता येतं. वाचायला शिकायला एक संध्याकाळ पुरते. भरवशाचा निष्कर्ष काढायला मात्र दोन-तीन टाक्या पेट्रोल जाळावं लागतं.

पुढचं सगळं पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलला ऑक्टेन लागू होत नाही, तिथे सीटेन पाहतात.

कनेक्टर शोधा

गाडीत ओबीडी-२ नावाचा १६ पिनांचा कनेक्टर असतो. त्यात लावायचा छोटा अडॅप्टर ईसीयूचे आकडे फोनकडे पाठवतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तो सक्तीचा झाला. बहुतेक गाड्यांत तो स्टीअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास सापडतो. कधी फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे, कधी मधल्या कन्सोलजवळ एखाद्या छोट्या कव्हरखाली असतो. एक बाजू रुंद, एक अरुंद, असा त्याचा आकार असल्यामुळे अडॅप्टर उलटा बसत नाही. जोर लावायची वेळ आली तर थांबा आणि दिशा पुन्हा पाहा.

या कनेक्टरच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा करंट कायम चालू असतो, किल्ली काढली तरी. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवा.

अडॅप्टर निवडा

बाजारातले बहुतेक स्वस्त अडॅप्टर ईएलएम३२७ या चिपच्या नकला आहेत. काही नकला ठीक चालतात. काहींमध्ये ठरावीक आज्ञा गाळलेल्या असतात आणि त्या मधेच जोडणी सोडतात. सगळी नोंद याच तुकड्यावर अवलंबून असल्यामुळे इथे फार काटकसर करू नये, असं मला वाटतं. अँड्रॉइड फोनला साधं ब्लूटूथ चालतं. आयफोनसाठी ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायचा अडॅप्टर घ्या, साध्या ब्लूटूथचा नको.

अ‍ॅप कुठलं? टॉर्क, कार स्कॅनर, ओबीडी फ्यूजन ही बरीच वापरली जाणारी नावं. तुमचं अ‍ॅप दोन गोष्टी करतंय ना, एवढं बघा: आकडे फाइलमध्ये साठवणं, आणि गाडीच्या कंपनीचे खास पीआयडी जोडू देणं. पीआयडी म्हणजे ईसीयूला विचारायच्या प्रत्येक माहितीचा क्रमांक. गोल काटे आणि रंगीत मीटर दिसायला छान असतात, पण काम फाइलवर होतं.

जोडणी करा

गाडी बंद असताना अडॅप्टर लावा, मग किल्ली ऑनवर घ्या. साधं ब्लूटूथ असेल तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये पेअर करा. पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. लो एनर्जीवाला अडॅप्टर मात्र थेट अ‍ॅपमधून जोडायचा, फोनच्या सेटिंगमधून नाही. जोडणी होत नाही अशी तक्रार अनेकदा इथेच असते. वायफायचा असेल तर फोन अडॅप्टरच्या नेटवर्कवर न्या आणि ‘इंटरनेट नाही’ असा इशारा आला तरी तिथेच राहा.

आता इंजिन सुरू करा. आरपीएम, कूलंटचं तापमान आणि व्होल्टेज दिसले की जोडणी झाली. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.५ ते १४.७ असतं. काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतःहून कमी-जास्त करतात, त्यांत हा आकडा हलता दिसेल.

मोजकेच आकडे निवडा

नवशिक्या माणूस यादीतल्या सगळ्या आकड्यांवर खूण करतो आणि नोंद वाया जाते. अडॅप्टर ईसीयूला एकेक प्रश्न विचारत जातो. चाळीस प्रश्न लावले तर प्रत्येकाचं उत्तर काही सेकंदांनी एकदा येतं, आणि इंजिनमधल्या खऱ्या घडामोडी त्या मधल्या वेळात होऊन जातात. ऑक्टेनसाठी सहा आकडे पुरतात: आरपीएम, इंजिन लोड (इंजिनावर किती भार आहे, टक्क्यांत), इग्निशन टायमिंग, आत येणाऱ्या हवेचं तापमान, कूलंटचं तापमान आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम.

यातला कूलंट वाचायला सोपा. गरम झालेल्या इंजिनात तो साधारण ८५ ते १०५ अंशांत राहतो. लांबच्या प्रवासातही ७० च्या पुढे जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची शंका घ्या.

फ्यूएल ट्रिमला जास्त वेळ द्यावा असं मी म्हणेन. ईसीयूकडे ठरलेलं गणित असतं: इतकी हवा आली, तर इतकं पेट्रोल. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की हे गणित प्रत्यक्षात चुकतंय का, आणि ईसीयू त्यानुसार पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. ती दुरुस्ती म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म सतत हलत असतो, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेली सवय. दोन्हींची बेरीज उणे ५ ते अधिक ५ टक्क्यांत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालण्यासारखं. अधिक १५ दिसायला लागलं तर कुठेतरी जादा हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. त्यातही फरक करता येतो. गाडी उभी असताना ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमवर धरल्यावर खाली येत असेल, तर एखादा व्हॅक्यूम पाइप गळतोय असा संशय घ्या. उलट लोड वाढेल तसा ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा मळलेला सेन्सर तपासावा.

टायमिंग म्हणजे काय ते समजून घ्या

स्पार्क प्लग पिस्टन वर पोचण्याच्या थोडा आधी ठिणगी टाकतो. किती आधी, ते अंशांत मोजतात. अ‍ॅपवर ‘टायमिंग अ‍ॅडव्हान्स’ म्हणून दिसतं. ठिणगी पडल्यावर ज्वाला पसरत जाते आणि कडेला उरलेल्या मिश्रणावर दाब वाढत जातो. पेट्रोलचा ऑक्टेन कमी असेल तर ते उरलेलं मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच आपणहून पेटतं. ब्लॉक हादरतो, कानाला धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. ब्लॉकला घट्ट बसवलेला नॉक सेन्सर ही थरथर पकडतो आणि ईसीयू लगेच ठिणगी काही अंश उशिरा टाकायला लागतो. थरथर थांबली की तो टायमिंग हळूहळू पुन्हा पुढे सरकवतो. इंजिन वाचतं, पण पिकअप थोडा जातो आणि पेट्रोल थोडं जास्त लागतं.

म्हणून जड लोडवरचं टायमिंग म्हणजे इंजिनाने पेट्रोलबद्दल दिलेलं मत. हलक्या पायाने सपाट रस्त्यावर चालताना ३० अंश किंवा त्याहून जास्त दिसतं. चढावर, कमी आरपीएमला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते बरंच खाली येतं, आणि ते यायलाच हवं. प्रश्न असतो, नेहमीपेक्षा किती खाली.

आधी चांगल्या दिवसाची नोंद करा

गाडी निरोगी असताना, कंपनीने सांगितलेलं पेट्रोल भरलेलं असताना, आधारासाठी एक नोंद करून ठेवा. एक चढ ठरवा, वाहतूक नसलेला आणि नेहमी जाता येईल असा. एक गिअर ठरवा, समजा तिसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये ठेवा, कारण गिअर बदलताना ईसीयू मुद्दाम टायमिंग मागे घेतो आणि ते नॉकसारखं भासतं. एसी बंद. इंजिन पूर्ण गरम. १८०० आरपीएमपासून ३००० पर्यंत एकसारखा दाब देत चढा आणि हेच तीनदा करा. वेगमर्यादा आणि मागची गाडी या दोन्हींचं भान पहिलं.

चालवताना फोनकडे पाहायचं नाही. निघण्यापूर्वी रेकॉर्डिंग सुरू करा, थांबल्यावर बंद करा, घरी बसून फाइल उघडा. जमलं तर दुसऱ्याला शेजारी बसवा.

मग पेट्रोल बदलून तुलना करा

टाकी पाव भागापर्यंत येऊ द्या, त्याखाली कशाला न्या. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. नवं पेट्रोल भरा आणि दोन-तीन दिवस रोजच्यासारखी गाडी चालवा. ईसीयूला शिकायला वेळ लागतो आणि टाकीत जुनं पेट्रोल मिसळलेलं असतंच. मग तोच चढ, तोच गिअर, जवळपास त्याच हवामानात.

फाइल उघडल्यावर फक्त सारख्या ओळी शेजारी ठेवा. समजा, जुन्या नोंदीत २००० आरपीएम, ८५ टक्के लोड, आतली हवा ३५ अंश सेल्सिअस, टायमिंग १५. नव्या नोंदीत २००० आरपीएम, ८५ टक्के, ३६ अंश, टायमिंग ९. तिन्ही फेऱ्यांत असाच फरक असेल तर इंजिनाला हे पेट्रोल झेपत नाहीये. फरक एक-दोन अंशांचाच असेल तर त्याला काही अर्थ नाही. आणि आतली हवा ३५ ऐवजी ५० अंश असेल तर ती ओळ बाजूला ठेवा, कारण गरम हवेने टायमिंग तसंही मागे येतं.

महागड्या, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलची पारखही अशीच करा. टायमिंगमध्ये काही बदल दिसला नाही, तर तुमचं इंजिन आधीच्या पेट्रोलवरच पूर्ण टायमिंग घेत होतं. जादा पैसे वाया चालले आहेत. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात मात्र फरक खरोखर दिसू शकतो.

ऑक्टेनचे आकडे ताडताना कुठली पद्धत आहे तेही बघा. बऱ्याच देशांत पंपावर रिसर्च ऑक्टेन, म्हणजे आरओएन लिहितात. उत्तर अमेरिकेत आरओएन आणि मोटर ऑक्टेन यांची सरासरी लिहितात. तिथलं ८७ म्हणजे साधारण ९१ आरओएन. मॅन्युअलमध्ये ८७ वाचून ९१ चं पेट्रोल ‘चार पावलं वरचं’ समजू नका.

ईसीयूचं स्वतःचं मत विचारा

सर्वसाधारण ओबीडी यादीत नॉकमुळे किती अंश मागे घेतले हा आकडा नाही. तो कंपनीच्या खास पीआयडीमध्ये असतो आणि अ‍ॅपमध्ये वेगळा जोडावा लागतो. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत तो ‘नॉक रिटार्ड’ म्हणून मिळतो. सुबारूच्या अनेक मॉडेलांत ० ते १ मधला एक गुणक असतो, १ म्हणजे इंजिन समाधानी. फोर्डच्या इकोबूस्ट इंजिनांत ऑक्टेनचं शिकलेलं प्रमाण उणे १ ते अधिक १ असं असतं, आणि तिथे उणे १ चांगलं. तुमच्या गाडीसाठी असा आकडा मिळाला तर वरच्या खटाटोपापेक्षा तो जास्त विश्वासाचा.

इथेनॉल ट्रिममध्ये दिसतं

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरतं जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला सुमारे ९. म्हणजे इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन घालावं लागतं. १० टक्क्यांच्या मिश्रणावरून २० टक्क्यांच्या मिश्रणावर गेलात, तर लाँग टर्म ट्रिम साधारण ४ टक्क्यांनी वर सरकलेला दिसायला हवा. शुद्ध पेट्रोलवरून थेट २० वर गेलात तर साधारण ८. पेट्रोल भरल्यानंतर लगोलग असा बदल झाला आणि सगळ्या आरपीएमवर सारखाच असेल, तर तो पेट्रोलचा. फक्त गाडी उभी असतानाच असेल तर गळती शोधा. फ्लेक्स फ्यूएल, म्हणजे इथेनॉलच्या कमी-जास्त मिश्रणावर चालणाऱ्या, गाड्यांत इथेनॉलची टक्केवारी थेट पीआयडीवरही मिळू शकते.

एक गोम मात्र आहे: इथेनॉलचा आरओएन १०० च्या वर, साधारण १०८ धरतात. त्यामुळे ट्रिम वर आणि टायमिंगही सुधारलेलं, असं एकत्र दिसू शकतं. मायलेज तरीही कमी भरेल, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने कमी असते.

सांगितलेलं पेट्रोल भरूनही टायमिंग मागेच असेल तर

पंपाला दोष देण्याआधी ईसीयूने साठवलेले बिघाडाचे कोड अ‍ॅपमध्ये वाचा. पी०३२५ आला असेल तर नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये, म्हणजे सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये, बिघाड आहे, आणि अनेक ईसीयू अशा वेळी सुरक्षेसाठी टायमिंग कायमचं मागे ठेवतात. कोड नसेल तर इंजिन गरम चालतंय का, चुकीच्या हीट रेंजचे प्लग बसलेत का, पिस्टनवर कार्बन साचलाय का, इंजेक्टर चोंदलेत का, या क्रमाने मेकॅनिककडून बघून घ्या. त्याला तोंडी ‘पिकअप नाही’ सांगण्यापेक्षा दोन्ही फाइली दाखवा.

अ‍ॅपमधलं ‘क्लिअर कोड’ बटण उगाच दाबू नका. त्याने बिघाड झाला त्या क्षणाची साठवलेली नोंद पुसली जाते, बहुतेक गाड्यांत शिकलेले ट्रिमही शून्यावर जातात, आणि तुमची आधाराची तुलना तिथेच मोडते. दाबायचंच असेल तर आधी कोड आणि नोंद फाइलमध्ये उतरवून घ्या, आणि दुरुस्तीनंतर चढावरच्या त्या तीन फेऱ्या नव्याने करा.