माठ, बरणी आणि टाइल : पाणी किती पिते ते पाहून निवड कशी करावी

माती, गारगोटीची पूड यांसारखे खनिज पदार्थ आकार देऊन भट्टीत भाजले की जो टणक पदार्थ तयार होतो, त्याला सिरॅमिक म्हणतात. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते आणि मग तिचा पुन्हा चिखल होत नाही; धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती (भाजलेल्या मातीच्या मूर्ती) इतकी शतके जमिनीत राहूनही टिकल्या त्या यामुळेच. आच आणखी वाढवली आणि मातीत फेल्डस्पार हे खनिज असले, तर ते वितळून कणांमधील छिद्रे काचेसारखी भरून काढते. म्हणून वस्तू घेताना रंग व नक्षी नंतर पाहावी. ती पाणी किती पिते, हे आधी पाहावे.

परीक्षा घरीच करता येते. कोरडी वीट तोलावी, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावी, वरचे पाणी पुसून पुन्हा तोलावी. ३००० ग्रॅमची वीट ३४५० ग्रॅम भरली, तर तिने १५ टक्के पाणी प्यायले. साध्या बांधकामाच्या विटेसाठी २० टक्क्यांपर्यंत चालते. टाइलच्या मागच्या, झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकला तरी पुष्कळ कळते : तो लगेच जिरला, तर टाइल पाणी पिते.

माठाने मात्र पाणी प्यायलाच हवे. पाझरलेले पाणी बाहेरून वाळताना उष्णता घेऊन जाते आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे काम फार चांगले होते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार छिद्रांत साचून माठावर पांढरा थर धरतो व पाणी गार होणे थांबते. तेव्हा काथ्याने बाहेरून घासावे. हौसेने माठाला ऑइल पेंट लावणे म्हणजे त्याचे नाक दाबणे आहे.

लोणच्याच्या बरणीचे नेमके उलट आहे. तिच्या झिलईला आतून केसासारख्या भेगा दिसल्या, तर ती लोणच्याला वापरू नये. शोभेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत, कारण काही झिलयांमध्ये शिसे असते.

खरी चूक होते ती फरशी बसवताना. भिंतीच्या साध्या टाइल पाणी पितात, म्हणून सिमेंटच्या मालावर लावण्याआधी त्या भिजवतात. विट्रिफाइड, म्हणजे छिद्रे काचेसारखी भरून येईपर्यंत भाजलेली टाइल ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिला भिजवून उपयोग नसतो आणि नुसते सिमेंट तिला नीट धरत नाही, त्यामुळे टाइलसाठीचा गोंदच वापरावा. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरून चोपावा, टाइलांमध्ये २ ते ३ मिलिमीटर सांधा सोडावा आणि गोंद वाळल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून पाहावी. आवाज पोकळ आला, तर ती टाइल मिस्त्री समोर असतानाच काढून पुन्हा बसवून घ्यावी.