आधी बिनापासवर्डचं उघडून पाहा

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आमच्याकडे लिनक्स ॲडमिनच्या जागेसाठी नवी पोरं मुलाखतीला येतात. क्लाउडच्या सर्टिफिकेटांचा गठ्ठा बहुतेकांजवळ असतो. मी काम साधंच देतो: हा अपाची (वेबसाइट पुरवणारा सर्व्हर), ही साइट, हिला पासवर्ड लाव. माउस नाही, फक्त टर्मिनल. ज्युनिअर म्हणून रुजू झालात की हे काम वरचेवर तुमच्याच अंगावर येणार, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

एचटीपासवर्ड (htpasswd) ही पासवर्डची फाइल बनवणारी कमांड उबंटू लिनक्सवर अपाची-टू-युटिल्स या पॅकेजातून येते. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर तेच एचटीटीपीडी-टूल्स. पासवर्ड बनवणारं हत्यार आणि तो तपासणारं अपाचीचं मॉड्यूल (जोडभाग) ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. त्यामुळे ‘कमांड नॉट फाउंड’ दिसलं म्हणून अख्खा सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका.

एचटीपासवर्डचा मायनस सी हा पर्याय फाइल नवी बनवतो. फाइल आधीपासून असेल तर न विचारता पुसून बनवतो, म्हणजे दुसरा युजर जोडताना तो दिला की पहिले सगळे गेले. मायनस बी, छोटा बी, पासवर्ड कमांडमध्येच लिहू देतो. मग तो शेलच्या हिस्ट्रीत राहतो. कॅपिटल बी म्हणजे बीक्रिप्ट (पासवर्ड सांकेतिक करून साठवायची पद्धत), तोच वापरा. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्राही त्यात आल्या; मराठीत लांबलचक पासवर्ड ठेवणाऱ्या हौशींनी हिशेब करावा. फाइल साइटच्या फोल्डरबाहेर ठेवा, मालक रूट, ग्रुप उबंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (अपाची त्याच नावाने चालतो), परवानगी ६४० (मालक लिहील, ग्रुप फक्त वाचेल, बाकी कुणी नाही). आणि एचटीटीपीएस नसेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ, कारण ‘बेसिक’ नावाच्या या लॉगिन पद्धतीत पासवर्ड फक्त बेस-६४ मध्ये, म्हणजे नुसता वेगळ्या अक्षरांत लिहून, जातो. तो उलगडायला पोरखेळही लागत नाही.

खरी गंमत पॅकेज काढताना होते. समजा, कंपनीच्या सिंगल साइन-ऑनसाठी (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) ओपनआयडी कनेक्टचं मॉड्यूल टाकलं होतं आणि कुणीतरी ॲप्टने, म्हणजे उबंटूच्या पॅकेज टाकण्या-काढण्याच्या कमांडने, ते काढलं. कॉन्फिगमध्ये त्याच्या ओळी उरल्या असतील तर अपाची ‘इनव्हॅलिड कमांड’ म्हणून सुरूच होणार नाही. हे चांगलं आहे! निदान कळतं तरी. पण नवखा माणूस काय करतो, इंटरनेटवर शोधतो आणि त्या सगळ्या ओळी इफमॉड्यूलच्या, म्हणजे ‘मॉड्यूल असेल तरच वाच’ अशा, कंसात घालतो. एरर गेली, सर्व्हर उठला, साहेब खूश. मॉड्यूलच नाही म्हटल्यावर कंसातलं सगळं अपाचीने वगळलं, लॉगिन सक्तीचं करणारी ‘रिक्वायर’ची ओळसुद्धा, आणि साइट सताड उघडी. लॉगमध्ये तक्रार नाही, कॉन्फिग तपासणारा कॉन्फिगटेस्टही ‘सिंटॅक्स ओके’ म्हणतो. संरक्षणाच्या ओळी इफमॉड्यूलमध्ये घालू नयेत, हे माझं ठाम मत.

म्हणून आमचे एक सीनिअर, नागपूरच्या महाल भागातले पक्के, प्रत्येक बदलानंतर एकच सांगायचे: “अरे भाऊ, आधी बिनापासवर्डचं उघडून तर पाह्य!” कर्लने (टर्मिनलवरून साइट मागवणारी कमांड) मायनस कॅपिटल आय देऊन पत्ता मागा. ४०१ (आधी लॉगिन करा) आलं तर ठीक. २०० (पान उघडलं) आलं तर चहा बाजूला ठेवा. पासवर्ड देऊन उघडतंय का, हे त्यानंतर. पोरं नेमकं उलटं करतात.

युजर तक्रार घेऊन आला की एरर लॉग उघडा. एएच०१६१७ म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चुकला. एएच०१६१८ म्हणजे त्या नावाचा युजर फाइलमध्ये नाहीच. बहुतेक वेळा नावातलं अक्षर कॅपिटल पडलेलं असतं.

कुणी नोकरी सोडून गेलं तर एचटीपासवर्डला मायनस कॅपिटल डी देऊन नाव काढा. त्यासाठी अपाची रीलोड करावा लागत नाही. साध्या मांडणीत अपाची ही फाइल दर विनंतीला वाचतो, त्यामुळे त्या माणसाची पुढची क्लिकच अडते. रीलोड लागतो तो कॉन्फिग बदलल्यावर. बॅकअपच्या यादीत ही फाइल हाताने घाला. ती तुम्ही बनवलेली असते, पॅकेजांच्या फाइलींची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला विचारलंत तर तो ओळखही दाखवणार नाही.