सर्व्हर चालू, पण लॅबचे रिपोर्ट अडकले? हेल्थ चेकचा पोर्ट बदला

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांचं आयटी सांभाळणाऱ्यांसाठी. मिर्थचे (हॉस्पिटलच्या सिस्टिम्समध्ये मेसेज पोचवणारं इंजिन) दोन सर्व्हर, पुढे एचएप्रॉक्सी (कोणत्या सर्व्हरकडे काम पाठवायचं ते ठरवणारा लोड बॅलन्सर). मिर्थमधलं चॅनेल (मेसेज घेऊन पुढे पाठवणारा मार्ग) बंद पडतं, पण मशीन चालू असल्यामुळे लोड बॅलन्सरला सगळं ठीक दिसतं आणि रिपोर्ट तिथेच थांबतात.

१. हेल्थ चेक (सर्व्हर चालू आहे का, याची लोड बॅलन्सरने केलेली तपासणी) ८४४३ या मिर्थच्या ॲडमिन पोर्टवर नको, चॅनेलच्याच पोर्टवर लावा (मिर्थचा डीफॉल्ट ६६६१). चॅनेल थांबलं की तो पोर्ट बंद होतो. एचएप्रॉक्सीच्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये २ सेकंदांच्या अंतराने ३ तपासण्या फसल्या की सर्व्हर बाद.

२. दुसरा सर्व्हर 'बॅकअप' ठेवा. दोघांत काम वाटलं तर पेशंटच्या भरतीच्या मेसेजआधी त्यातला बदल पोचू शकतो. एका हॉस्पिटलच्या लोडला एक इंजिन सहसा पुरतं, असं माझं ठाम मत आहे.

३. एचएप्रॉक्सीचा टाइमआउट तासाभराचा करा. एचएल७ (हॉस्पिटलच्या मेसेजचा ठरलेला नमुना) ची कनेक्शनं उघडीच राहतात; रात्री ॲनालायझर (लॅबचं तपासणी मशीन) शांत असला की कमी टाइमआउट ती तोडतो.

जपा: पडलेल्या सर्व्हरच्या रांगेतले मेसेज दुसरा सर्व्हर उचलत नाही. पडलेला सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर त्याची रांग आधी बघा, जुना रिपोर्ट नव्यावर चढायला नको.