हळदीच्या पेजवर मांडव: सांगलीत कंटेंट लिहायला बसणाऱ्यांसाठी

सांगलीत बसून वेबसाइटचा मजकूर लिहायचं काम मिळतं का? मिळतं. हळद, बेदाणा, द्राक्षाची औषधं, दवाखाने, सगळ्यांना आता गूगलवर वर यायचंय. पैसे उशिरा मिळतात, तो विषय वेगळा. कीवर्ड (लोक शोधताना टाकतात ते शब्द), टायटल टॅग (पेजचं शीर्षक), सर्च कन्सोल (आपलं पेज कुठल्या शोधांत दिसतं ते दाखवणारं गूगलचं टूल) हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला बोलायचंय ते 'एलएसआय कीवर्ड', म्हणजे मुख्य शब्दाशी संबंधित म्हणून लेखात पेरायचे शब्द, या एकाच भानगडीबद्दल. गूगलवर वर यायचं शिकवणाऱ्या क्लासमध्ये ते आजही छातीठोकपणे शिकवतात आणि नवी पोरं तिथंच अडकतात. मीही अडकलो होतो.

क्लासचं सूत्र असं: मुख्य शब्द टूलमध्ये टाका, टूल जे संबंधित शब्द देईल ते लेखात पेरा, गूगलला लेख सखोल वाटेल. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या पेजसाठी मी 'हळद' टाकलं. यादी आली: हळदी समारंभ, हळदीची गाणी, पिवळी साडी, मांडव सजावट. त्यातलं बरंचसं दराच्या पेजवर गेलंसुद्धा. मग फोन आला, "मांडव घालायची कामं कधीपासून घ्यायला लागलो ओ आम्ही?"

आता यातली मेख समजून घ्या. लोक एका शब्दाबरोबर आणखी काय टाइप करतात, एवढंच असलं टूल सांगतं. त्यातली कुठली माणसं आपली गिऱ्हाइकं, हे त्याला कळत नाही. गूगल शब्द एकटा घेत नाही. शेजारी 'क्विंटल', 'आवक', 'सौदा' असेल तर हळद म्हणजे शेतमाल. 'नवरी', 'गाणी' असेल तर लग्न. 'सेलम' तामिळनाडूतलं शहर आहे आणि हळदीचा वाणही. 'राजापुरी' यार्डात हळद असते, फळवाल्याच्या गाड्यावर केळी. असे दोन संदर्भ एकाच पेजवर कालवले की पेज कशाबद्दल आहे हेच धूसर होतं. चार जास्तीचे शब्द घातले तर बिघडलं कुठं, असं म्हणू नका. बिघडतं.

एलएसआय (लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग) ही पद्धत खोटी नाही. अमेरिकेतल्या बेलकोअर या टेलिफोन क्षेत्रातल्या संशोधन कंपनीच्या संशोधकांनी १९८८ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, म्हणजे वेब जन्मायच्या आधी. कुठला शब्द कुठल्या दस्तऐवजात किती वेळा येतो याचा मोठा तक्ता मांडायचा, गणिताने तो आटवायचा आणि त्यातून शब्दांची जवळीक काढायची. मर्यादित, फारसा न बदलणाऱ्या संग्रहासाठी ते ठीक होतं. रोज बदलणाऱ्या अख्ख्या वेबसाठी ते बनलेलंच नव्हतं. गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्ये सरळ सांगितलं की एलएसआय कीवर्ड असं काही नसतंच. शोधाचा अर्थ लावायची गूगलची वाट वेगळी आहे, त्यातले टप्पे असे: २०१३ चं हमिंगबर्ड, २०१५ चं रँकब्रेन, २०१९ चं बर्ट. बर्ट शब्दाच्या दोन्ही बाजूंचे शब्द धरून अर्थ लावतं. डिसेंबर २०१९ मध्ये ते सत्तरहून अधिक भाषांत आलं, त्यांत मराठीही होती. आपल्या सरांची पीपीटी मात्र अजून त्याच्या आधीच्या काळात आहे.

(माझं मत: जो सर स्वतःच्या साइटचं सर्च कन्सोल उघडून दाखवत नाही, त्याला फी देऊ नका. सर्टिफिकेट कुणी विचारत नाही.)

याच खोडीचं दुसरं रूप म्हणजे 'हळद दर', 'हळदीचा भाव', 'हळद बाजारभाव' अशी तीन पेजं काढणं. गूगल तिन्ही शोधांमागची गरज एकच धरतं आणि तुमचीच पेजं एकमेकांच्या पायात येतात. शंका असेल तर त्यातले कुठलेही दोन शब्द शोधून पहिले दहा निकाल ताडून पाहा. बहुतेक तेच असतील तर एक पेज पुरे. 'हळद लागवड' आणि 'हळद दर' यांचे निकाल वेगळे दिसतील. तिथं खुशाल दोन पेजं करा.

मग संबंधित शब्द आणायचे कुठून? सकाळी यार्डात सौद्याला जाऊन उभे राहा. हळकुंड आणि गड्डा (हळदीचा मूळ कंद) यांचे दर वेगळे का, पॉलिश केल्यावर मालात काय फरक पडतो, हरिपूरच्या पेवांचं (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं) २००५ च्या पुरात काय झालं, २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते कशावर, हे विचारा. हे लिहायला बसलात की लागणारे शब्द आपसूक येतात, आणि शेतकरी ज्या शब्दांत शोधतो तेही त्यातच असतात. इंग्रजी चांगलं नाही म्हणून मागे पडू, अशी भीती घालणारे भेटतील. ऐकू नका. हे काम मराठीतून नीट करणारे अजून थोडेच आहेत.

आधीच तीन पेजं काढून बसला असाल तर घाबरू नका. सर्च कन्सोलमध्ये कुठलं पेज जास्त शब्दांवर दिसतंय ते पाहा, बाकीच्यांतला कामाचा मजकूर त्यात घ्या आणि त्यांचे पत्ते ३०१ रिडायरेक्टने (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणाऱ्या सोयीने) तिकडे वळवा. नुसती डिलीट करू नका. पुढचे काही आठवडे आकडे वरखाली होतील आणि मालक रोज फोन करेल. त्याला हे आधीच सांगून ठेवा, ॲडव्हान्सही तेव्हाच घ्या.