मुलांना ‘द मॅजिक फ्लूट’ दाखवताय? या चुका टाळा

संगीतकार मोत्सार्टचा ‘द मॅजिक फ्लूट’ हा परीकथेतला गमतीदार ऑपेरा, म्हणजे गाण्यांचं नाटक, मी शहाद्याकडच्या मुलांना दर उन्हाळ्यात दाखवते. आता इतरही शिक्षक दाखवू लागलेत, याचा फार आनंद आहे. पण त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पहिल्या मिनिटापासून व्हिडिओ लावून देणं. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. चाळीस मुलं, प्रोजेक्टर, बाहेर मे महिन्याचं ऊन. आधी सहा-सात मिनिटं नुसती वाद्यं. मग पडदा उघडला तर सगळे जर्मनमध्ये बोलतायत आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतायत. पाऊण तासात अकरा मुलं उरली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर लक्षात आलं, की यात आपल्या संगीत नाटकासारखी गद्य बोलणी आहेत आणि मधे गाणी. 1791 साली व्हिएन्नाच्या उपनगरातल्या थिएटरात हा खेळ लागला तो तिथल्या लोकांच्या भाषेत. नाटक लिहिणारा शिकानेडर स्वतःच त्यातलं पापागेनो हे पात्र झाला होता. म्हणजे बोलणी प्रेक्षकाला कळलीच पाहिजेत. आता मी गद्य आलं की आवाज बंद करते आणि अहिराणीत स्वतः बोलते. गाण्यांना हात लावत नाही. सुरुवात पापागेनो या पाखरं धरणाऱ्यापासून. साप मारला तिघी बायकांनी, हा म्हणतो मी मारला. ‘खोटं बोलना म्हनीसन तोंडले कुलूप लाई दिधं!’ एवढं म्हणून ‘हं हं हं’चं गाणं लावते. मुलं तोंड मिटून सोबत गाऊ लागतात.

दुसरी चूक मोबाइलवरची. रात्रीची राणी या पात्राचं दुसऱ्या अंकातलं गाणं तेवढं दाखवायचं, ‘बघा किती उंच आवाज!’ हा आळस आहे. ती आई पोरीच्या हातात खंजीर देते, आपल्या शत्रूला, सारास्त्रोला, मार म्हणते, नाही मारलंस तर तू माझी कोणी नाहीस म्हणते. हे माहीत नसेल तर मुलं हसतात, आणि त्यांचं काय चुकलं? आधी पहिल्या अंकातलं, हरवलेल्या पोरीसाठी रडणाऱ्या आईचं गाणं ऐकवा. दुसरं आठवडाभरानं. घाई असेल त्यांनी दाखवूच नये.

यात फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळींची प्रतीकं आहेत, ती समजावत बसू नका.

सारास्त्रोचा नोकर मोनोस्टाटोस याच्या काळ्या रंगावरची बोलणी आणि पापागेनो गळफास घ्यायला निघतो तो प्रसंग आधी स्वतः पाहून ठेवा. फासाच्या वेळी तीन मुलं येऊन त्याला त्याच्याजवळच्या जादूच्या घंट्यांची आठवण करून देतात. तिथे मधेच थांबवू नका.

‘लहान मुलांना हे झेपणार नाही’ हेही बंद करा. मोत्सार्टनं आपल्या सात वर्षांच्या कार्लला हा खेळ दाखवला होता आणि पोरगा हरखून गेला, असं त्यानं पत्रात लिहिलंय.

पापागेनो वाजवतो तो पावा विकत आणू नका. आपल्याकडे पपईच्या बागा आहेत. पानाचे पोकळ देठ घ्या, चीक धुवा, वाळवा. वेगवेगळ्या लांबीचे पाच तुकडे करा, खालचं तोंड ओल्या मातीनं बुजवा आणि वरच्या कडेवरून फुंका. सूर जुळेपर्यंत थोडंथोडं कापत जा. त्याच्या पाव्यात सा रे ग म प एवढंच वाजतं. आमच्या पोरांना ते जमायला दोन दुपारी लागल्या.